प्रायश्चित्तकाळ : बुधवारच्या आधीची तयारी



येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेणार आहोत. हे पत्रक आपल्या हाती येत आहे तेव्हा मध्ये फक्त सोमवार आणि मंगळवार उरले आहेत. दरवर्षी आपले काय होते ते आपण सर्वच जाणतो. बुधवारी संध्याकाळी कामावरून धावतपळत येऊन राख घेतो, घरी जाता जाता आता काय सोडायचे याचा विचार करतो, पहिल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला हजर राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे ढिले पडते. मग झावळ्यांच्या रविवारी एकदम जाग येते की, अरे, हा काळ संपलासुद्धा!

असे का होते? आमच्या मते याचे उत्तर आपल्या बोईसरकरांना इतरांपेक्षा लवकर समजेल. आपल्यापैकी कित्येकजण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात, काहीजण अणुशक्ती केंद्रात आहेत. वार्षिक शटडाउन म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. प्लांट बंद करण्याच्या कितीतरी आधी कामांची यादी तयार होते. कोणता पंप उघडायचा, कोणता व्हॉल्व्ह बदलायचा, कोणते सुटे भाग मागवायचे, कोणाची परवानगी घ्यायची, हे सारे अगोदर ठरते. यादी न करता प्लांट बंद केला तर दिवस फुकट जातात आणि जुनाच बिघाड घेऊन प्लांट पुन्हा सुरू होतो. प्रायश्चित्तकाळ हा आपल्या आत्म्याचा वार्षिक शटडाउन आहे, आणि आपण बहुतेकजण यादीशिवाय त्यात शिरतो. म्हणून या दोन दिवसांत काय करता येईल याचा आज आपण विचार करू या.

तयारीची जुनी परंपरा

पूर्वतयारी ही काही नवीन कल्पना नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख इ. स. ३२५ मधील निकेयाच्या धर्मपरिषदेच्या नियमांतही सापडतो. पुढे ख्रिस्तसभेने या चाळीस दिवसांच्या आधी आणखी तीन रविवार तयारीसाठी राखून ठेवले. आपल्या आजी-आजोबांच्या काळात त्या रविवारीच धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करीत आणि आलेलुया थांबे. १९६९ साली उपासनेच्या पंचांगात सुधारणा झाली आणि ते तीन रविवार गेले. त्यामुळे प्रायश्चित्तकाळ अधिक ठळक झाला, हे खरे. पण तयारीची जबाबदारी आता पंचांगावरून आपल्यावर आली.

आपल्या केरळी बांधवांकडे ही परंपरा आजही जिवंत आहे. सिरो-मलबार ख्रिस्तसभेत मोठ्या उपवासाच्या १८ दिवस आधी तीन दिवसांचा लहान उपवास येतो. योना संदेष्ट्याचे बोल ऐकून निनवे नगरीने उपवास केला, त्याची ती आठवण. त्यांचा मोठा उपवास बुधवारची वाट न पाहता सोमवारीच सुरू होतो, आणि त्याच्या आदल्या दिवशीचा रविवार हाही विशेष मानला जातो. आपल्या शेजारच्या केरळी कुटुंबाला विचारा, ते अगत्याने सारे सांगतील.

गोव्यातील बांधव या दिवसांना इंत्रूज म्हणतात. तीन दिवस गाणेबजावणे आणि खाणेपिणे चालते. पण हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘प्रवेश’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ज्याला आपण केवळ मौजमजा समजतो तो मुळात पवित्र काळाचा उंबरठा होता. उंबरठ्यावर नाचून माघारी फिरायचे नसते, आत जायचे असते.

एलियाची भाकर

पवित्र शास्त्रात चाळीस हा आकडा वारंवार भेटतो. मोशे चाळीस दिवस पर्वतावर होता, इस्राएली प्रजा चाळीस वर्षे रानात होती, प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात होता. आज मात्र आपण एलिया संदेष्ट्याकडे पाहू या (१ राजे १९:१-८).

राणी ईजबेल जिवावर उठल्यामुळे एलिया पळत सुटला होता. रानातल्या एका झुडपाखाली तो बसला आणि आता मरण आले तर बरे, असे देवाला म्हणून झोपी गेला. पुढे देवाने काय केले ते लक्षात घ्या. देवाने त्याला उपदेश केला नाही, त्याची कानउघाडणी केली नाही. देवदूताने त्याला हात लावून उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालला आणि देवाच्या पर्वताशी पोहोचला.

चाळीस दिवसांच्या आधी देवाने त्याला झोप दिली आणि भाकर दिली! तिसरी पाळी करून सकाळी डोळे चोळत घरी येणाऱ्या आपल्या बांधवांनी, पहाटे चारला उठून डबे करून मग स्वतः कामावर जाणाऱ्या आपल्या भगिनींनी हे वचन जरूर वाचावे. तुम्ही थकलेले आहात हे देवाला माहीत आहे. प्रायश्चित्तकाळाची सुरुवात आपल्या पराक्रमाने होत नाही, ती त्याने दिलेल्या भाकरीने होते. म्हणून पहिली तयारी अशी की, आजच्या मिस्साबलिदानात ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना मनात म्हणावे : प्रभो, पुढच्या वाटेसाठी ही माझी शिदोरी.

आणखी एक. आज आपण आलेलुया गाणार आहोत. बुधवारपासून तो पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत ऐकू येणार नाही. आज तो मनापासून गाऊ या.

यादीतील पहिले काम : वेळ

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात एकत्र शिकवल्या (मत्तय ६:१-१८). बुधवारी आपण हाच उतारा ऐकणार आहोत. त्यातील प्रार्थनेपासून सुरुवात करू.

रोज संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र रोजरी करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्यापैकी काहीजणांनी परवा आपापल्या घरचे वेळापत्रक कागदावर मांडून पाहिले. वडील एका आठवड्यात सकाळच्या पाळीला, पुढच्या आठवड्यात दुपारच्या, त्यानंतर रात्रीच्या. आई विरारला नोकरीला, तिचा जीव डहाणू लोकलच्या वेळेत अडकलेला. मुलगी दहावीला किंवा बारावीला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यानच येत असल्यामुळे आपला प्रायश्चित्तकाळ मुलांची परीक्षा आणि कारखान्यांचे मार्चअखेर यांच्यातून चुकत नाही. कागदावर सगळे मांडल्यावर दिसले की, आठवड्याच्या १६८ तासांत घरातली सर्व माणसे जागी आणि एकत्र असण्याची वेळ बोटांवर मोजण्याइतकी आहे. आम्हीच ओशाळलो.

तेव्हा रोजच्या रोजरीचा संकल्प करून चौथ्या दिवशी तो मोडण्यापेक्षा आज रात्री घरचा तक्ता करा. सर्वजण एकत्र असतील अशा आठवड्यातील दोन वेळा शोधा. तेवढ्याच ठरवा, पण त्या पाळा. त्या दहा मिनिटांत टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकाने शुभवर्तमानातील उतारा वाचावा, प्रत्येकाने एकेक विनंती करावी, शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावे. इतर दिवशी ज्याने त्याने कंपनीच्या बसमध्ये, रिक्षात, लोकलमध्ये आपापली प्रार्थना करावी. एक गोष्ट मात्र नक्की ठरवा : जो कामावर आहे त्याचे नाव घरच्या प्रार्थनेत रोज घेतले जाईल. रात्रपाळीच्या माणसाला हे कळले की त्याच्या मनाला किती उभारी येते ते त्यालाच विचारा.

दुसरे काम : उपवास

प्रथम नियम स्पष्ट करू, कारण दरवर्षी याबद्दल विचारणा होते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे आणि मांसवर्ज्यतेचे आहेत. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या व्यक्तींना लागू आहे. त्यात एक वेळ पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते. मांसवर्ज्यतेचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू आहे. आजारी व्यक्ती, गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या माता यांच्यावर उपवासाचे बंधन नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बॉयलरवर, क्रेनवर, रसायनांच्या विभागात काम करणाऱ्यांना एक विनंती. उपाशीपोटी चक्कर येऊन आपल्या व इतरांच्या जिवाला धोका होईल असा उपवास ख्रिस्तसभा आपल्याकडून मागत नाही. योग्य कारण असेल तर उपवासातून सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे सत्कृत्य नेमून देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आहे. संकोच न करता त्यांना भेटा. मनातल्या मनात स्वतःला सूट देण्यापेक्षा विचारून घेतलेली सूट हीसुद्धा नम्रतेची साधना आहे.

आता नियमांमागच्या अर्थाकडे येऊ. आपण समुद्रकाठची माणसे. शुक्रवारी कोंबडी टाळायची आणि सातपाटीचे ताजे पापलेट आणायचे, हे आपल्याकडे सर्रास घडते. पापलेटचा भाव कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त! नियम पाळला गेला, पण उपवास कुठे झाला? तसेच दारूचे. चाळीस दिवस थेंबाला शिवलो नाही असे अभिमानाने सांगायचे आणि ईस्टरच्या दुपारी सगळी कसर भरून काढायची, हे आपण पाहत आलो आहोत. ज्यांना मद्याचे व्यसनच जडले आहे त्यांना तर केवळ संकल्प पुरत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या मदतीने मार्ग धरावा आणि घरच्यांनी टोमणे न मारता त्यांना साथ द्यावी.

उपवास निवडताना एक कसोटी लावा : मी जे सोडतो त्याचा फायदा दुसऱ्या कोणाला होतो का? जेवताना मोबाईल बाजूला ठेवला तर पत्नीला बोलायला माणूस मिळतो. संध्याकाळचा नाक्यावरचा वडापाव सोडला तर त्याचे पैसे वेगळे ठेवता येतात. चढलेला आवाज सोडला तर मुलांना मोकळा श्वास घेता येतो. असा उपवास घरच्यांना न सांगताही कळतो.

तिसरे काम : देणे आणि दान

उपवासावरचे सर्वात कडक बोल यशया संदेष्ट्याचे आहेत. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आपण ते उपासनेत ऐकतो (यशया ५८:१-९). लोक देवाकडे तक्रार करतात की, आम्ही उपवास केला तरी तुझे आमच्याकडे लक्ष नाही. देव उत्तर देतो की, उपवासाच्या दिवशीच तुम्ही आपला स्वार्थ साधता आणि आपल्या कामकऱ्यांना पिळून घेता. मला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, बेघराला घरात घेणे.

बंधू-भगिनींनो, औद्योगिक वसाहतीच्या गावात हे वचन वाचताना थोडे थांबायला हवे. आपल्यापैकी काहीजण सुपरवायझर आहेत, काहीजण कामगार पुरवणारे ठेकेदार आहेत, काहींनी परप्रांतातून आलेल्या कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत, आणि पुष्कळांच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. ठेक्यावरच्या कामगाराचे ओव्हरटाइमचे पैसे रखडले आहेत का? खोली सोडून गेलेल्याची अनामत रक्कम काहीतरी सबब सांगून आपण ठेवून घेतली का? बाईने आजारपणात चार दिवस दांडी मारली तेव्हा पगार कापला का? गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दिली पाहिजे, असे देवाने मोशेच्या नियमशास्त्रातच सांगून ठेवले आहे (अनुवाद २४:१४-१५). ज्याचे त्याला देणे हे दान नव्हे, ते देणेच आहे. दान त्यानंतर सुरू होते.

म्हणून सोमवार आणि मंगळवार या दोन दिवसांत देणी चुकती करावीत. जे लगेच देता येत नाही त्याची तारीख त्या माणसाला स्वतः सांगावी.

आणि मग दान. आपल्या पालघर जिल्ह्याला भूक ही दूरची गोष्ट नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर शासनाच्या योजना आल्या, परिस्थितीत फरकही पडला, तरी जव्हार-मोखाड्यातून कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबे आपण आजही पाहतो. भारतातील ख्रिस्तसभेची कॅरिटास इंडिया ही संस्था प्रायश्चित्तकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम राबवत आली आहे. आज घरात एक डबा ठेवा. उपवासातून वाचलेले पैसे मुलांच्या हातांनी त्यात पडू देत. डब्यात किती जमले यापेक्षा ते कोणाच्या ताटातून वाचले हे मुलांना कळणे अधिक मोलाचे आहे.

चौथे आणि सर्वात कठीण काम : समेट

हे काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते यादीतून नेहमी पुढे ढकलले जाते.

आपल्यातील अनेक कुटुंबांची मुळे वसईत आहेत. नोकरीसाठी आपण इथे आलो, पण वाडवडिलांचे घर आणि जमीन तिकडे राहिली. जमिनीचे भाव वाढले तसे सातबाऱ्यावरच्या नावांमध्ये अंतर वाढले. हक्कसोड पत्रावर बहिणीची सही हवी म्हणून वर्षानुवर्षांनी तिला फोन करणारे भाऊ आहेत. सही करून दिल्यानंतर ज्यांना माहेरचे आमंत्रण आले नाही अशा बहिणी आहेत. लग्नात समोरासमोर आले तरी तोंड फिरवणारे सख्खे भाऊ आहेत. ही माणसे शुक्रवारचे मांस सोडतात, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने गुडघे टेकून करतात, आणि भावाशी बोलत नाहीत. हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. हे लिहिणाऱ्यांच्या घरातही अशी एक बंद खिडकी आहे.

प्रभू येशूचे सांगणे सरळ आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या बंधूच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५:२३-२४). इथे एक बारकावा आहे. माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे असे प्रभू विचारत नाही, त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे असे विचारतो. म्हणजे चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत थांबायला जागाच उरत नाही. निघायचे आपण.

कोर्टात दावा चालू असेल तर तो चालू राहो. हक्क सोडून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. बहिणीचा हक्क तर तिला मिळालाच पाहिजे. पण भावाच्या आजारी पत्नीची विचारपूस करायला वकिलाची परवानगी लागत नाही. मंगळवारी रात्रीपर्यंत एक फोन करा. जमिनीचा विषय काढू नका. ‘उद्यापासून उपवासकाळ सुरू होतोय, तुझी आठवण आली,’ एवढे म्हणा. पलीकडून फोन आपटला गेला तरी तुमचे पाऊल देवाने मोजलेले असेल. ज्यांना घरात मारहाण किंवा छळ सोसावा लागला आहे, त्यांच्यावर मात्र आम्ही हे ओझे टाकत नाही. त्यांनी आधी सुरक्षित राहावे आणि विश्वासाच्या माणसाशी बोलावे.

असा समेट प्रायश्चित्त संस्काराचीही उत्तम तयारी ठरतो. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून निदान एकदा करावे असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. पवित्र आठवड्यातील गर्दीची वाट पाहण्यापेक्षा पहिल्या दुसऱ्या आठवड्यातच हा संस्कार घेतला, तर उरलेला सारा काळ हलक्या मनाने चालता येईल.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात सर्वजण एकत्र असतील अशा आठवड्यातील दोन वेळा कोणत्या?

२. माझ्या उपवासाने घरातील कोणाला सुख मिळेल?

३. कोणाचे पैसे, वस्तू किंवा शब्द मी देणे लागतो?

४. मंगळवारी रात्रीपर्यंत मी कोणाला फोन करणार?

शेवटी झावळीविषयी

मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली झावळी आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या क्रुसामागे खोचून ठेवली आहे. तेव्हा ती हिरवी होती, आता सुकून गेली आहे. परंपरेने अशाच झावळ्या जाळून बुधवारची राख तयार होते. ज्या हातांनी होसान्ना म्हणत ती उंचावली, त्याच हातांनी आज संध्याकाळी सर्व कुटुंबाने मिळून ती खाली काढावी. क्षणभर गेल्या वर्षाची आठवण करावी : कोण आपल्याला सोडून गेले, कोण नव्याने घरात आले, कोणते संकल्प या झावळीसारखेच सुकले. २०२० च्या जानेवारीत आपल्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाने जीव गेले, तेव्हा माणूस क्षणात मातीला मिळतो हे आपण फार जवळून पाहिले. राख आपल्याला तेच सांगते, आणि क्रुसाच्या आकारात लावली जाते म्हणून त्यापुढचेही सांगते.

झावळी काढल्यावर क्रुसामागची जागा रिकामी दिसेल. ती तशीच राहू द्या. तिथे आपली चार कामांची यादी घडी करून ठेवा. येत्या झावळ्यांच्या रविवारी नवी हिरवी झावळी खोचताना ती यादी उघडून सर्वांनी मिळून वाचा. काही कामे झालेली असतील, काही राहिलेली असतील. पण निदान या वर्षी आपण हात हलवीत या काळात शिरलो नाही, एवढे समाधान नक्की असेल.

देवाची भाकर आपणां सर्वांना चाळीस दिवसांच्या वाटचालीसाठी बळ देवो. बुधवारी भेटू या.